हुलग्याची बोटं

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या बिल्डिंगच्या गच्चीवर हॅलोविन होणार असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. भुतांच्या बाबतीत आमचा मराठवाडा तसा स्वयंपूर्ण आहे. माझ्या सासरी, सोयगावच्या बाजूला, प्रत्येक पडक्या विहिरीला एक आणि प्रत्येक मोठ्या चिंचेला निदान एक, अशी वाटणी कधीच होऊन गेलेली आहे. त्यात बाहेरून आणखी मागवायची काय गरज, हा माझा साधा प्रश्न होता. तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी तर तोंडावरच विचारलं, "आपल्याकडं अमावस्या कमी पडू राहिल्या का?"

पण वरच्या मजल्यावरच्या भाभींनी एकदा मनावर घेतलं की ती गोष्ट होतेच. भाभी इंग्रजी शाळेत शिकवतात, त्यांच्या मिस्टरांचं कापडाचं दुकान आहे, आणि बिल्डिंगची पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा, गणपतीच्या मांडवाची लायटिंग हे सगळं त्यांच्याच हुकमानं चालू-बंद होतं. त्या मला भाभी म्हणतात, मी त्यांना भाभी म्हणते. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"भाभी, सुनो. शुक्रवारी शाम को टेरेसवर बच्चों का हॅलोविन आहे. हर घर से एक डिश. पण गोड नको हां, दिवाली का खा-खाके सबके पेट बिगड़ गए. नमकीन लाना. और देखके डर लगना चाहिए."

"माझा स्वयंपाक बघून तसाही घाबरतात," मी म्हणाले.

त्या हसल्या, पण नियम सांगायला विसरल्या नाहीत. ज्यानं पदार्थ केला, त्यानंच ताटाजवळ उभं राहायचं आणि त्याची भुताची गोष्ट सांगायची. मुलं टाळ्या वाजवून पहिला नंबर काढणार. शाळेतल्या बाई गच्चीवर गेल्या तरी शाळा सोडत नाहीत.

मला वाटलं, उकडलेली अंडी अर्धी कापावीत, वर काळ्या मिऱ्याचा एकेक दाणा ठेवावा, झाले डोळे. पंधरा मिनिटांचं काम. पण आमची पाचवीतली पोरगी माझा मोबाईल घेऊन आधीच कामाला लागली होती. संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते, तर तिनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"मम्मी, हे. चेटकिणीची बोटं. कणकेची करतात आणि वर बदामाचं नख लावतात. तुटलेली बोटं, बघ ना, किती डेंजर!"

मी मोबाईल तिच्या हातातून हिसकावून घेतला आणि उलटा ठेवला. नवरा हॉलमध्येच होता, मिक्सरचं झाकण दुरुस्त करत बसलेला. मी दबक्या आवाजात म्हणाले, "दुसरं काहीही कर. हे नाही." ती म्हणाली, "का पण?" मग तिलाच आठवलं का ते, आणि ती एकदम गप्प झाली. तिचे कान लाल झाले. दहा वर्षांच्या लेकराचा चेहरा असा पडलेला बघवत नाही, आणि मला माझाच राग आला. तिला गप्प करण्यापेक्षा मी अंड्यांचं बोलायला हवं होतं.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. माझा नवरा टूलरूममधला माणूस. वाळूजच्या एमआयडीसीत, कारखान्यातली लोखंडी साचे घडवायची जी खोली असते, तिथं तो लग्नाच्या आधीपासून होता. दोन वर्षांपूर्वी एका प्रेसवर, म्हणजे माल दाबायच्या यंत्रावर, साचा बसवून बघताना प्रेस खाली आला. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, दोन्ही मधल्या सांध्यापासून गेली. जखम भरल्यावर त्याला कंपनीनं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग तपासायला बसवलं. नोकरी टिकली, नशीब समज, असं मला जो तो सांगायचा, आणि मी मान हलवायचे.

पण तेव्हापासून तो हात पँटच्या खिशात गेला तो गेलाच. लग्नाला यायचा, आहेर द्यायचा आणि पंगत बसायच्या आत काहीतरी काम काढून निघायचा, कारण पंगतीत उजव्या हातानं जेवावं लागतं. नमस्काराला दोन हात जोडावे लागतात म्हणून नुसती मान हलवायचा, तर नातेवाइकांना तो शिष्ट वाटायला लागला. फोटोत तो नेहमी कुणाच्या तरी मागं. शाळेच्या गॅदरिंगला मी एकटीच जायचे. पोरगी आधी विचारायची, "पप्पा येणार?" मग हळूहळू विचारायची बंद झाली. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लागत असेल तर ते हे, की ती विचारायची बंद झाली.

तर त्या संध्याकाळी हॉलमधून मिक्सरच्या झाकणाचा खडखडाट थांबला आणि आवाज आला, "बोटं ना? मी करून देतो."

आम्ही मायलेकी एकमेकींकडं बघत राहिलो.

"कणकेची कशाला?" तो दारात येऊन उभा राहिला. हात खिशातच. "कणकेची बोटं पांढरीफटक दिसतील, मैद्याच्या माणसाची. हुलग्याचं पीठ आहे ना घरात? शेंगोळे म्हंजे बोटंच की. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडायची. ताटात बघून पोरं पळतील."

शेंगोळे ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: हुलगे म्हणजे कुळीथ. त्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून घट्ट मळायचं, तळहातावर गोळी घेऊन बोटाएवढी वळी करायची आणि तिला वेटोळं घालून झणझणीत रश्श्यात शिजवायचं. माझी सासू थंडीत दिवसाआड करायची. वेटोळं घालायच्या आधी ते बोटच असतं, हे मी इतकी वर्षं करूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पोरगी सावध होती. "पप्पा, पण ज्यानं बनवलं त्यानंच गोष्ट सांगायची. भाभीआंटींचा रूल आहे. तुम्हाला वर यावं लागंल."

"गोष्ट तू सांग. मी नुसती बोटं करतो."

"असं चालत नाय," ती म्हणाली.

"मग बघू," तो म्हणाला. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. तिला ते पक्कं माहीत होतं, तरी ती त्यावर अडून बसली नाही. नाचतच आत गेली. त्यानं दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्यासाठी हातानं काहीतरी करतो म्हटलं होतं, तेवढ्यावरच ती खूश होती. मला मात्र पुढचं दिसत होतं. शुक्रवारी हा बोटं करणार, पोरगी ताट घेऊन वर जाणार, लोक विचारणार कुणी केली, आणि हा खाली दार लावून बसणार. तिनं आशा ठेवली होती, आणि ती मोडली की यापुढं ती काहीच मागणार नाही, अशी मला धास्ती वाटत होती.

शुक्रवारी तो दुपारूनच घरी आला. येताना डब्यासोबत त्याची जुनी हत्यारांची पेटी. ती पेटी मी दोन वर्षांत पाहिलीच नव्हती. त्यातून एक टोकदार सळई काढली, एक बारीकशी कानस आणि व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं ते जबड्यासारखं यंत्र.

"हे माझ्या ओट्यावर येणार असेल तर आधी उकळत्या पाण्यातून काढायचं," मी म्हणाले. "तुमच्या कारखान्याचं ग्रीस पोरांच्या पोटात नको."

"व्हय बाई," तो म्हणाला आणि खरंच उकळत्या पाण्यात टाकलं.

मी पीठ मळून दिलं. हुलग्याचं पीठ, थोडी कणीक, लसूण, हिरवी मिरची, जिरं, ओवा, मीठ. मळल्यावर त्याचा रंग बघून मीच चरकले. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या हाताचा जो रंग असतो, अगदी तोच. नवऱ्यानं थोडं तेल घेतलं, तळहाताला लावलं आणि गोळी उचलली. उजव्या हाताची उरलेली बोटं आणि डावा तळहात, यांच्यात काय करार झाला होता कोण जाणे, पण वळी फिरायला लागली ती थांबतच नव्हती. त्या हाताला मी दोन वर्षं फक्त खिशात जाताना पाहिलं होतं. हाताला एवढं काम अजून येतं, हे बघून मी पिठानं माखलेले हात तसेच धरून उभी राहिले.

सळईनं त्यानं सांध्यावरच्या सुरकुत्या ओढल्या. कानशीच्या टोकानं नखाची खाच पाडली आणि तिच्यात सोललेल्या शेंगदाण्याची एक पाकळी बसवली. पोरगी शेजारी स्टुलावर बसून शेंगदाणे सोलत होती. तिनं पहिलं बोट उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "पप्पा, ते गार आहे," ती म्हणाली. "मेल्यासारखं."

आता चूक कशी झाली ते सांगते, कारण ती चूक फक्त टूलरूमचा माणूस आणि त्याची ऐकणारी बायकोच करू शकते. शेंगोळे रटरटत्या रश्श्यात सोडायचे असतात, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला झोपेतही माहीत असतं. मी गॅस मोठा करायला गेले तर हा म्हणाला, "मंद ठेव. उकळीनं सुरकुत्या जातील. मी एवढं मार्किंग केलंय." त्याच्या आवाजात इतक्या दिवसांनी तो कामातला हट्ट ऐकला, की मला नाही म्हणवलं नाही. मंद ठेवला. पहिल्या घाण्याची सगळी बोटं विरघळली. डावानं हलवलं तर पातेल्यात दाट पिठलं आणि वर तरंगणारी नखं.

पोरगी आधी ओरडली, मग खो-खो हसत सुटली. मला मात्र वाटलं, आता हा उठणार, हात धुणार आणि "माझ्याच्यानं होत नाय" असा चेहरा करून गॅलरीत जाणार. या दोन वर्षांत कितीतरी गोष्टी त्यानं अशाच पहिल्या अपयशावर सोडून दिल्या होत्या.

त्यानं पातेल्यातलं एक नख चमच्यानं बाहेर काढून निरखलं. "आता तुझं खरं," तो म्हणाला. "मोठा गॅस."

दुसऱ्या घाण्याला मी रस्सा धो-धो उकळवला. बोटं टिकली, पण फुगून अशी जाड झाली की चेटकीण सोडा, एखाद्या हलवायाची वाटावीत. सुरकुत्या गायब. आता त्यानं व्हर्निअर घेतलं. कच्चं बोट मोजलं, शिजलेलं मोजलं. मी कपाळावर हात मारला, पण तो ऐकण्यात नव्हता. लोखंडाचा साचा करताना माल थंड होऊन किती आक्रसणार हे आधीच धरावं लागतं, असं तो पोरीला समजावत होता. इथं उलटं, हे फुगतं, म्हणून बोट जेवढं हवं त्याच्यापेक्षा बारीक करायचं आणि सुरकुत्या लागतात त्यापेक्षा खोल पाडायच्या. "कच्चं असताना ते वाईट दिसलं पाहिजे," तो म्हणाला, "मग शिजल्यावर बरोबर येतं." पोरगी डोळे विस्फारून ऐकत होती. तिला तिच्या बापाचं काम काय होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. खरं तर मलाही.

तिसऱ्या घाण्याची कच्ची बोटं खरंच वाईट दिसत होती, वाळक्या काटक्यांसारखी. रश्श्यात पडली, खालीवर झाली, आणि मी झाऱ्यानं पहिलं बोट बाहेर काढलं तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पेऱ्यांवर तंतोतंत सुरकुत्या. नखाच्या कडेला मांस थोडं वर आलेलं. काळ्या मसाल्याचा तवंग खाचांमध्ये बसलेला, मळ बसावा तसा. ते बोट मला झाऱ्यात हललं असंच वाटलं. मी घाबरून ते परातीत टाकलं आणि तोंडातून "देवा" निघून गेलं. मी घाबरले होते आणि मला तिथून हलवतही नव्हतं. पिठातून माणूस असा कसा येतो?

मग मी त्याच्यासमोरच्या ताटलीकडं पाहिलं. इतरांपासून बाजूला, दोन बोटं वेगळी ठेवलेली होती, शिजून निथळलेली. एक लांब, एक किंचित आखूड. आखूड बोटाचं टोक अंगठ्याच्या बाजूला जरासं वळलेलं होतं. दुसऱ्या पेऱ्यावर तिरकी खूण होती, आणि नखाचा एक कोपरा बसका.

त्या खुणेवरून मी ते ओळखलं. लहानपणी कपाशीच्या शेतात विळा लागला होता त्याला, तिथंच, तिरका. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं मला त्या खुणेची गोष्ट सांगितली होती. आणि मी ते बोट विसरले होते! इतकी वर्षं ज्या हाताला धरून मी रस्ते ओलांडले, त्या हाताचं बोट कसं होतं हे मला आठवत नव्हतं. हात दिसेल असा धड फोटोही घरात नाही. ते बोट आता माझ्या स्टीलच्या ताटलीत, नखासकट, समोर होतं.

"हे कशाला केलंत?" मी विचारलं. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी चिडते.

"मी नाय केलं," तो ताटलीकडं बघत म्हणाला. "बाकीची मी करू राहिलो होतो. ही दोन हातानं आपोआप केली."

पोरगी त्या दोन बोटांकडं बघत होती. मग तिनं ती ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि मोठ्या परातीत, सगळ्यांच्या मधोमध, ती दोन बोटं ठेवली. 

संध्याकाळी गच्चीवर भाभींनी दोऱ्यांवर लाइटच्या माळा सोडल्या होत्या. एक भलं मोठं डांगर, म्हणजे लाल भोपळा, कोरून त्यात दिवा ठेवला होता. डांगराचा गर वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून त्याची भजी केली होती, ती बाजूला ताटात. मुलं चादरी, ओढण्या, पांढरी पावडर, काजळ जे मिळेल ते लावून आलेली. कुणाकडं अंड्यांचे डोळे, कुणाकडं पापडाच्या वटवाघळांची डिश. तळमजल्यावरचे काका सगळ्यांत आधी येऊन खुर्ची अडवून बसले होते.

आमची परात जड होती, शिवाय रश्श्याचं पातेलं. पोरीला एकटीला नेता येण्यासारखं नव्हतंच. नवऱ्यानं पातेलं उचललं. त्याला दोन हात लागले. जिना चढताना मी परात घेऊन त्याच्या मागं होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, निदान परात ठेवीपर्यंत तरी थांब. त्यानं पातेलं टेबलावर ठेवलं, हात खिशात घातला आणि मागं कठड्यापाशी जाऊन उभा राहिला, जिन्याच्या दाराजवळ. मला माहीत होतं, दोन मिनिटांत तो खाली गेलेला असेल. पोरीलाही माहीत होतं. ती वळून वळून त्याच्याकडं बघत होती.

तिनं परातीवरचा कपडा काढला आणि वाफाळता काळा रस्सा डावानं वरून ओतला. बोटं हलली, सरकली, एकमेकांवर चढली. मोठी मुलं "ईऽऽ" करून किंचाळली आणि हसली. भाभी दोन पावलं मागं सरकल्या. "या अल्लाह," त्या म्हणाल्या, "ये तो सच्ची के लगते." काका खुर्चीतून उठून जवळ आले आणि वाकून बघायला लागले.

पण भाभींची धाकटी, बालवाडीतली चिमुरडी, टेबलाला नाक लावून उभी होती. तिनं ती बोटं पाहिली आणि तिचं तोंड वाकडं झालं. ते खेळातलं घाबरणं नव्हतं. ती हुंदके देऊन रडायला लागली. "सच्ची के हैं, सच्ची के हैं, किसके हैं?" भाभींनी पोटाशी धरलं तरी ऐकेना. आमची पोरगी गोष्ट सुरू करायला उभी होती, ती गोष्टच विसरली. "पिठाची आहेत गं," ती म्हणाली, "खरंच." ती लहानगी आणखीच जोरात रडली. आमच्या पोरीच्या डोळ्यांतही पाणी आलं. सगळ्यांसमोर तिची डिश एका लेकराला रडवत होती, आणि ती एकटी उभी होती.

मी पुढं व्हायच्या आतच कठड्यापासून नवरा निघाला. मुलांमधून वाट काढत आला आणि त्या लहानगीसमोर गुडघ्यावर बसला. आणि त्यानं खिशातून हात बाहेर काढला. सगळ्यांसमोर.  बिल्डिंगमधल्या कितीतरी जणांनी तो हात कधी पाहिलाच नव्हता.

"किसी और के नहीं," तो म्हणाला. "मेरे हैं. देख."

त्यानं परातीतली ती दोन बोटं उचलली, रस्सा झटकला, आणि आपल्या हाताच्या थोटकांना लावून धरली. दोन्ही बरोब्बर बसली. जाडी, रंग, सांधा, सगळं. दिव्यांच्या उजेडात क्षणभर तो हात पुरा दिसला. मी मनात म्हटलं, हे मी बघतेय ना? लग्नातला तो हात, जसाच्या तसा, दोन-चार श्वासांपुरता. 

लहानगीचं रडं हुंदक्यावर येऊन थांबलं. ती भाभींच्या कुशीतून सुटली आणि त्याच्या हाताजवळ आली. घाबरायचं सोडून तिला आता चौकशी करायची होती.

"किसने काटे?"

"मशीन ने. मैं देख नहीं रहा था."

"पहिले तुम खाओ," ती म्हणाली. मोठ्यांनी आधी खाल्लं तरच ती खाणार, असा तिचा घरातला नियम असावा.

नवरा थबकला. मला ते थबकणं कळलं. चारचौघांत उजव्या हातानं खाणं त्याच्याच्यानं होत नव्हतं. त्यानं आखूड बोट अंगठ्यात आणि उरलेल्या बोटांत धरलं, तोंडात टाकलं आणि नखासकट कुडुम करून चावलं. मुलांनी असा आरडाओरडा केला की शेजारच्या गच्चीवरून लोक डोकावले. लहानगी टाळ्या वाजवायला लागली. काकांनी वाटी पुढं केली, "मला दोन द्या. तिखट आहेत ना?" परात रिकामी व्हायला लागली. नवरा तिथंच जमिनीवर मांडी घालून बसला, मुलं त्याच्याभोवती, आणि तो त्याच हातानं वाढत होता. त्याचा हात तिखटानं, रश्श्यानं माखलेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. 

एका मोठ्या मुलानं विचारलं, "अंकल, अजून दुखतं का?"

"दुखत नाय आता," तो म्हणाला. मग घास गिळून, अगदी सहज, त्यानं सांगितलं, "खाजतं."

"कुठं?"

"जी नाहीत ना, त्यांनाच. हे अंगठ्याजवळचं. त्याच्या टोकाला. रोज खाजतं."

मुलं श्वास रोखून ऐकत होती. "मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? बोटच नाय तर खाजवणार कुठं? भूतच हाय ते. घेऊन फिरतो खिशात."

मला कुणी तरी गदागदा हलवल्यासारखं झालं. रोज! मी त्याच्या शेजारी झोपते. मी त्याचं औषध, पट्ट्या, डॉक्टर सगळं केलं, आणि हे मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, कारण नसलेल्या बोटाला काय होतंय हे कुणी विचारतं का? तो हात लपवायला खिशात घालतो एवढंच मला वाटायचं. त्यात आणखी काही त्याच्यासोबत असतं, हे आज गच्चीवर, लोकांच्या पोरांसमोर मला कळत होतं.

आमची पोरगी ताटाजवळून निघाली. हात पुसले, त्याच्यासमोर येऊन बसली आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. थोटकाला तिनं हात लावला नाही. थोटकाच्या पुढं, जिथं काहीच नव्हतं, त्या रिकाम्या हवेत तिनं आपली नखं नेली आणि हळूहळू खाजवायला लागली.

कुणी हसलं नाही. नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं डोळे मिटले.

"जरा पुढं," तो म्हणाला.

तिनं नखं जरा पुढं नेली.

"हां. तिथंच."